आवाज एकीचा, चेहरा दुसरीचा

पणजीच्या वेशीवर मर्सेस नावाचे गाव आहे. आपल्या वसईतही मर्सेस आहे. दोन्ही गावांना हे नाव पोर्तुगीज काळात पवित्र मरियेच्या एका उपाधीवरून मिळाले. पोर्तुगीज भाषेत 'मर्सेस' आणि स्पॅनिश भाषेत 'मर्सेडिस' म्हणजे दया, कृपा. मरियामाता ही दयेची माता आहे, ही श्रद्धा त्या एका शब्दात साठवलेली आहे. १२१८ साली बार्सिलोना शहरात संत पीटर नोलास्को यांनी याच मातेच्या नावाने एक संघ स्थापन केला. परधर्मीयांच्या कैदेत पडलेल्या ख्रिस्ती बंदिवानांना खंडणी भरून सोडवणे हे त्या संघाचे कार्य होते, आणि वेळ पडल्यास बंदिवानाच्या जागी स्वतः ओलीस राहण्याचे व्रत त्याचे सभासद घेत असत. आज मर्सेडिस म्हटले की आपल्याला महागडी मोटारगाडी आठवते. या लेखात मात्र त्याच नावाच्या एका अभिनेत्रीची कथा सांगायची आहे. आपले नाव तिला दोनदा जगासमोर मांडावे लागले. एकदा त्यातून बदनामी होण्याची शक्यता होती, आणि दुसऱ्यांदा ते नाव कोणी घ्यायलाच विसरले होते.

कार्लोटा मर्सेडिस ॲग्नेस मॅकेम्ब्रिज यांचा जन्म १६ मार्च १९१६ रोजी अमेरिकेतील इलिनॉय राज्यात, जोलिएट या गावी झाला. कुटुंब आयरिश वंशाचे आणि कॅथलिक श्रद्धेचे होते. त्यांचे उच्च शिक्षण शिकागोच्या मंडेलाइन कॉलेजात झाले. शिकागोचे तत्कालीन कार्डिनल जॉर्ज मंडेलाइन यांच्या नावाने धर्मभगिनींनी १९३० साली सुरू केलेले हे महिला महाविद्यालय सरोवराकाठच्या एका गगनचुंबी इमारतीत भरत असे. (१९९१ साली ते शेजारच्या येशूसंघीय लोयोला विद्यापीठात विलीन झाले.) तेथे काव्यवाचनाचा समूह होता. अनेक मुलींनी एका श्वासात, एका लयीत कविता म्हणायची, प्रत्येक शब्दाला त्याचे वजन द्यायचे आणि कोणाचाही आवाज दुसऱ्याच्या वर जाऊ द्यायचा नाही, अशी ती शिस्त होती. एका धर्मभगिनीने लावलेली ही सवय मर्सेडिस यांच्या पुढील साऱ्या आयुष्याची शिदोरी ठरली. कॉलेजात असतानाच त्यांना रेडिओवर काम मिळाले.

१९३० आणि १९४० च्या दशकांत अमेरिकेत रेडिओचे राज्य होते. संध्याकाळी घरातील सारी माणसे त्या लाकडी पेटीभोवती बसत आणि नुसत्या आवाजांवरून माणसे, घरे, वादळे आणि खून डोळ्यांसमोर उभे करीत. मर्सेडिस यांचा आवाज खोल, किंचित घोगरा आणि कोणतेही वय धारण करू शकणारा होता. 'लाइट्स आउट', 'इनर सँक्टम' यांसारख्या भयकथांच्या मालिकांतून तो लक्षावधी घरांत पोहोचला. प्रसिद्ध दिग्दर्शक ऑर्सन वेल्स यांनी त्यांना रेडिओवरील जगातील सर्वश्रेष्ठ हयात अभिनेत्री ठरवले होते. परंतु रस्त्यातून चालताना त्यांना कोणी ओळखत नसे, कारण रेडिओच्या कलावंताला चेहरा नसतो.

चेहरा मिळाला तो १९४९ साली, 'ऑल द किंग्ज मेन' या चित्रपटामुळे. रॉबर्ट पेन वॉरन यांच्या पुलित्झर पारितोषिकप्राप्त कादंबरीवरून रॉबर्ट रॉसेन यांनी तो दिग्दर्शित केला होता. खेड्यातून वर आलेला एक प्रामाणिक पुढारी सत्तेच्या पायऱ्या चढता चढता कसा भ्रष्ट होतो, अशी ही कथा. त्या पुढाऱ्याची सहकारी सेडी बर्क ही मर्सेडिस यांची भूमिका. सेडी हुशार आहे, जिभेने तिखट आहे, राजकारणातील सारी घाण तिने पाहिली आहे, आणि तरीही त्याच माणसावर तिचे प्रेम आहे. आरशात स्वतःचा कठोर झालेला चेहरा न्याहाळणारी सेडी ज्याने पाहिली तो तिला विसरत नाही. मर्सेडिस स्वतः सांगत की, निवडचाचणीच्या वेळी त्यांना फार ताटकळत ठेवले गेले. चिडून त्यांनी निर्मात्यांच्या माणसांना चार खडे बोल सुनावले आणि त्या निघाल्या. तो संताप पाहूनच त्यांची निवड झाली. पहिल्याच चित्रपटाला त्यांना सर्वोत्कृष्ट साहाय्यक अभिनेत्रीचे ऑस्कर मिळाले. १९५० च्या त्या समारंभात त्याच चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा, तर ब्रॉडरिक क्रॉफर्ड यांना सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा मान मिळाला.

येथे 'साहाय्यक' या शब्दाविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. ऑस्कर पारितोषिके १९२९ पासून दिली जाऊ लागली, परंतु साहाय्यक कलावंतांसाठी वेगळे पारितोषिक सुरू झाले ते १९३६ च्या चित्रपटांपासून. आरंभीची काही वर्षे नायक-नायिकांना सोनेरी पुतळा मिळे आणि साहाय्यकांना लहानशी स्मृतिपट्टिका. १९३९ च्या 'गॉन विथ द विंड' चित्रपटातील मोलकरणीच्या भूमिकेबद्दल हे पारितोषिक मिळवणाऱ्या हॅटी मॅकडॅनियल या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत. परंतु पारितोषिक घेण्यापूर्वी त्यांना त्या दालनात आपल्या गोऱ्या सहकलाकारांपासून दूर, वेगळ्या टेबलाशी बसवण्यात आले होते. साहाय्यकांना पूर्ण पुतळा मिळू लागला तो १९४४ च्या समारंभापासून. एकूण, दुसऱ्या रांगेतील माणसाचे मोल जगाला उशिराच कळते. आपण क्रूसाच्या वाटेची भक्ती करताना पाचव्या स्थानापाशी थांबतो तेव्हा कुरेनेकर शिमोनाचे नाव घेतो. तो शेतावरून परतत होता. त्याला धरून क्रूस उचलायला लावले गेले. शुभवर्तमानात त्याच्या वाट्याला जेमतेम एक ओळ आली आहे, पण त्या ओळीवाचून वाट पुरी होत नाही.

मर्सेडिस यांच्या पुढील भूमिका अशाच होत्या. १९५४ साली निकोलस रे यांच्या 'जॉनी गिटार' या चित्रपटात जोन क्रॉफर्ड नायिका होत्या, आणि मर्सेडिस यांनी तिचा सूड घेऊ पाहणारी एमा स्मॉल रंगवली. भावाच्या दफनविधीतून थेट निघालेली, काळ्या सुतकी वस्त्रांतील एमा एका निरपराध स्त्रीला फासावर चढवण्यासाठी सबंध गावाला भडकावते. त्या वेळी अमेरिकेत साम्यवादी असल्याच्या संशयावरून माणसांच्या चौकश्या चालू होत्या, शेजारी शेजाऱ्याविरुद्ध साक्ष देत होते. एमाच्या किंकाळीत अनेक समीक्षकांनी त्या काळाचा आवाज ऐकला. १९५६ च्या 'जायंट' या चित्रपटात एलिझाबेथ टेलर, रॉक हडसन आणि जेम्स डीन असे तीन तारे होते. मर्सेडिस यांनी त्यात टेक्सासच्या विशाल गुरांच्या वाडीवर हुकमत गाजवणारी नायकाची थोरली बहीण लूझ साकारली. भावजयीच्या घोड्याला रागाने टाच मारताना तिचा अंत होतो आणि चित्रपटाच्या पूर्वार्धातच ती पडद्यावरून जाते. परंतु मृत्यूपूर्वी तिने जमिनीचा जो लहानसा तुकडा एका गरीब नोकराच्या नावे केलेला असतो, त्यातूनच पुढे तेल निघते आणि साऱ्या कथेची दिशा बदलते. या भूमिकेसाठी त्यांचे दुसऱ्यांदा ऑस्करसाठी नामांकन झाले. वेल्स यांच्या १९५८ च्या 'टच ऑफ ईव्हिल'मध्ये त्या काही क्षणच दिसतात, तेही श्रेयनामावलीत नाव नसताना. १९५९ च्या 'सडनली, लास्ट समर'मध्ये त्यांनी पैशाच्या मोहाने आपल्या मुलीचा बळी द्यायला निघालेली दुबळी आई उभी केली.

मग काम कमी होत गेले. यामागे दारू होती. दोन विवाह मोडले, रुग्णालयाच्या वाऱ्या झाल्या. त्या काळी दारूच्या आहारी गेलेल्या पुरुषाला लोक हसत, स्त्रीकडे पाहून तोंड फिरवीत. दोघांनाही आजारी मानायला समाज तयार नव्हता. ओहायो राज्यातील ॲक्रन शहरात १९३९ साली सिस्टर इग्नेशिया नावाच्या धर्मभगिनीने सेंट थॉमस रुग्णालयात दारूच्या रोग्यांना दाखल करून घ्यायला सुरुवात केली, तेव्हा नोंदवहीत तिला पोटाच्या विकाराचे नाव लिहावे लागे. खरे नाव लिहिले असते तर खाट मिळाली नसती. ज्या डॉक्टरांबरोबर ती काम करीत होती ते डॉ. बॉब स्मिथ हे 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस' या चळवळीच्या दोन संस्थापकांपैकी एक. दुसरे संस्थापक बिल विल्सन. स्वतः कॅथलिक नसलेल्या या विल्सन यांना येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग यांचे आध्यात्मिक मार्गदर्शन अनेक वर्षे लाभले. आपल्या चुकांची झडती घेऊन त्या देवासमोर, स्वतःसमोर आणि दुसऱ्या एका माणसासमोर मोकळेपणाने मांडाव्यात, हा त्या चळवळीच्या बारा पायऱ्यांतील एक टप्पा आहे. प्रायश्चित्त संस्कार घेणाऱ्या आपल्यासारख्यांना तो परका वाटू नये. मर्सेडिस यांना या मार्गानेच दारूतून बाहेर पडता आले.

१९६९ च्या जुलै महिन्यात वॉशिंग्टन येथे अमेरिकी सिनेटच्या एका उपसमितीने मद्यासक्तीच्या प्रश्नावर सुनावणी घेतली. अध्यक्ष होते आयोवा राज्याचे सिनेटर हॅरल्ड ह्यूज, जे स्वतः एके काळी दारूच्या पाशातून सुटले होते. बिल विल्सन यांनी चळवळीच्या निनावीपणाच्या परंपरेनुसार केवळ 'बिल डब्ल्यू.' या नावाने साक्ष दिली, आणि छायाचित्रकारांना त्यांचे चित्र पाठीमागूनच घेण्याची मुभा होती. ती परंपरा तिच्या जागी योग्यच आहे. दुबळ्या माणसाला तिचा आडोसा लागतो. याच सुनावणीत मर्सेडिस मॅकेम्ब्रिज आपल्या नावानिशी, चेहऱ्यानिशी बोलल्या. आपण या रोगाच्या रोगी आहोत, या रोगाने कोणी मरण्याची गरज नाही, आणि आमच्यासारखी माणसे वाचवण्याच्या लायकीची आहेत, असे त्यांनी सांगितले. ऑस्कर मिळवलेल्या स्त्रीने, नव्या भूमिकेची वाट पाहत असताना असे बोलणे म्हणजे स्वतःच्या पोटावर पाय आणण्याचा धोका पत्करणे होते. त्या व इतर साक्षींवर आधारलेला मद्यासक्तीच्या उपचारांचा कायदा ३१ डिसेंबर १९७० रोजी संमत झाला आणि त्यातून या रोगाच्या संशोधनासाठी राष्ट्रीय संस्था उभी राहिली. त्याचे श्रेय एकट्या मर्सेडिस यांचे अर्थातच नाही. पण ज्या स्त्रिया आपले दुखणे दुसऱ्याच नावाने लपवीत होत्या, त्यांच्यासाठी कोणीतरी खरे नाव उच्चारले होते.

आता त्यांच्या सर्वांत गाजलेल्या आणि सर्वांत वादग्रस्त कामाकडे वळू. त्यासाठी थोडी पार्श्वभूमी हवी. १९३० साली हॉलिवूडने चित्रपटांसाठी एक नीतिसंहिता स्वीकारली. तिच्या दोन लेखकांपैकी एक येशूसंघीय फादर डॅनियल लॉर्ड होते. १९३४ पासून तिची कठोर अंमलबजावणी झाली आणि त्याच सुमारास अमेरिकी महागुरूंच्या प्रेरणेने 'लीजन ऑफ डीसेन्सी' ही चळवळ धर्मग्रामा-धर्मग्रामांत पसरली. अनिष्ट चित्रपट पाहणार नाही अशी शपथ कॅथलिक कुटुंबे घेऊ लागली. १९६८ साली ती संहिता संपली. त्यानंतर पाचच वर्षांनी, डिसेंबर १९७३ मध्ये, 'द एक्झॉर्सिस्ट' पडद्यावर आला. मूळ कादंबरीचे लेखक विल्यम पीटर ब्लॅटी हे कॅथलिक आणि येशूसंघीयांच्या जॉर्जटाउन विद्यापीठाचे माजी विद्यार्थी. चित्रपटाला सल्ला देणारे फादर थॉमस बर्मिंगहॅम आणि फादर विल्यम ओमॅली हे दोघे येशूसंघीय धर्मगुरू त्यात छोट्या भूमिकांतही दिसतात. सैतानाने पछाडलेल्या मुलीचे काम लिंडा ब्लेअर या किशोरवयीन मुलीने केले. तिच्या तोंडून सैतान बोलतो तो आवाज मात्र मर्सेडिस यांचा होता.

तो आवाज कोणत्याही यंत्रातून सहज निघाला नव्हता. कच्ची अंडी गिळून, सिगारेटींचा धूर ओढून आणि दारू पिऊन त्यांनी घसा खरवडून घेतला. हातपाय खुर्चीला बांधून घेऊन त्या बोलल्या, म्हणजे जखडलेल्या देहाची धडपड आवाजात उतरावी. सैतान निघून जाण्यापूर्वीचा जो विलाप ऐकू येतो, तो आयर्लंडमध्ये एका मृतदेहाभोवती ऐकलेल्या आक्रोशाच्या आठवणीतून आल्याचे त्यांनी सांगितले आहे. दिग्दर्शक विल्यम फ्रिडकिन यांच्या सांगण्यानुसार, दारू सोडलेली असताना या कामासाठी ती पुन्हा घ्यावी लागणार म्हणून त्यांनी आपल्या धर्मगुरूंना त्या वेळी जवळ राहण्याची विनंती केली होती.

पुरोहित म्हणून हा भाग लिहिताना मला संकोच वाटतो. बंधनातून सुटलेल्या माणसाने कलेसाठी पुन्हा ते बंधन हातात घ्यावे, याचे कौतुक मी करू शकत नाही. कोणत्याही चित्रपटापेक्षा एका माणसाचे स्वास्थ्य मोलाचे आहे, आणि हे तिला थांबवून सांगणारे कोणीतरी त्या खोलीत असायला हवे होते. सैतानाविषयीही येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. पवित्र सभेचा अपदूत घालवण्याचा विधी ही तमाशाची बाब नाही. १६१४ च्या विधिग्रंथात तो दिलेला होता आणि १९९९ साली त्याची सुधारित आवृत्ती प्रसिद्ध झाली. महागुरूंच्या अनुज्ञेशिवाय तो करता येत नाही, आणि आजाराची शक्यता आधी नीट तपासावी असा सभेचा आग्रह आहे. चित्रपट पाहून घाबरलेल्या पालकांनी प्रथम डॉक्टरांचा सल्ला घ्यावा, हे सांगणे धर्मगुरूचेही कर्तव्य आहे.

चित्रपटाचा खास खेळ झाला तेव्हा मर्सेडिस प्रेक्षकांत होत्या. शेवटी नावे झळकली, पण त्यांत त्यांचे नाव नव्हते. त्या रडत बाहेर पडल्या. श्रेय देण्याचे वचन आपल्याला मिळाले होते, असे त्यांचे म्हणणे होते. आरंभी त्यांनीच नाव नको म्हटले होते, असे फ्रिडकिन यांचे. त्यांनी कलावंतांच्या संघटनेकडे दाद मागितली आणि नंतरच्या प्रतींत त्यांचे नाव समाविष्ट झाले. या वादाची झळ लिंडा ब्लेअरलाही लागली. तिला साहाय्यक अभिनेत्रीच्या ऑस्करचे नामांकन मिळाले होते, आणि अर्धा आवाज दुसरीचा असताना पारितोषिक कोणाला, अशी चर्चा वृत्तपत्रांत रंगली. ते पारितोषिक अखेर टेटम ओनील हिला मिळाले. ब्लेअर या मुलीचा यात काहीच दोष नव्हता. दोघींनी मिळून एक पात्र घडवले होते आणि दोघींचेही त्यावर न्याय्य मोल होते.

काहींना मर्सेडिस यांचा हा आग्रह अहंकार वाटला. मला तसे वाटत नाही. ख्रिस्ती नम्रता म्हणजे आपले खरे काम नाकारणे नव्हे. मजुराला त्याची मजुरी मिळाली पाहिजे, हे पवित्र सभेने सामाजिक शिकवणीत पुन्हा पुन्हा सांगितले आहे; कलावंताचे नाव हा त्याच्या मजुरीचाच भाग असतो. शिवाय ज्या स्त्रीने चार वर्षांपूर्वी सिनेटसमोर 'ही मी' असे म्हणून आपला दोष पत्करला होता, तिने आपल्या श्रमाबाबतही 'ही मी' असे म्हटले. दोन्ही वेळा ती सत्यच बोलत होती.

पुढे त्यांनी पेन्सिल्वेनिया राज्यातील लिव्हनग्रिन या व्यसनमुक्ती केंद्राचे काम हाती घेतले. १९७५ ते १९८२ या काळात त्या आधी त्याच्या मंडळावर आणि नंतर प्रमुखपदी होत्या. दारूच्या रोग्यांच्या शेजारी बसणे, त्यांच्यासाठी पैसा उभा करणे, त्यांच्या घरच्यांशी बोलणे अशी ती सेवा होती. १९८१ साली त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचे शीर्षक 'द क्वालिटी ऑफ मर्सी', म्हणजे 'दयेचा गुणधर्म', शेक्सपिअरच्या एका प्रसिद्ध नाट्यप्रवेशातून घेतलेले आहे. मर्सेडिस या नावाचा अर्थ ठाऊक असणाऱ्याला त्यात त्यांचे स्वतःचे नावही वाचता येते.

परंतु दयेची सर्वांत कठीण परीक्षा अजून बाकी होती. १९८७ च्या नोव्हेंबर महिन्यात त्यांच्या एकुलत्या एका मुलाने आपली पत्नी आणि दोन लहान मुली यांना ठार करून स्वतःचाही अंत केला. तो पैशाच्या गैरव्यवहारात अडकला होता, आणि जाताना त्याने आईला दोष देणारे पत्र मागे ठेवले. त्या दुःखावर भाष्य करण्याचा अधिकार कोणालाही नाही. व्यसनी आईचे मूल काय सोसते हे आपण जाणतो. त्याच वेळी प्रौढ माणसाच्या भीषण कृत्याचे सारे ओझे आईच्या माथी मारता येत नाही, हेही जाणतो. या दोहोंमध्ये कोठे तरी उभे राहून त्या माउलीला जगायचे होते. त्या जगल्या. १९९० च्या दशकात नील सायमन यांच्या 'लॉस्ट इन याँकर्स' या नाटकात कठोर आजीची भूमिका घेऊन त्या पुन्हा रंगभूमीवर उभ्या राहिल्या. २ मार्च २००४ रोजी, अठ्ठ्याऐंशीव्या वाढदिवसाला दोन आठवडे उरले असताना, कॅलिफोर्नियातील ला होया येथे त्यांचे निधन झाले. वेल्स यांच्या अपुऱ्या राहिलेल्या 'द अदर साइड ऑफ द विंड' या चित्रपटातील त्यांचे काम तर २०१८ साली, मृत्यूनंतर चौदा वर्षांनी, प्रेक्षकांसमोर आले.

वाचकहो, आपल्या धर्मग्रामांतील लग्नसमारंभांत दारूचा ग्लास अजूनही पाहुणचाराचे लक्षण मानला जातो, आणि त्याच ग्लासाने उद्ध्वस्त झालेल्या घरातील माणसे मिस्साबलिदानाला शेवटच्या बाकावर येऊन बसतात. विचारले तर कोणी पित्ताचे नाव सांगते, कोणी रक्तदाबाचे. ॲक्रनच्या नोंदवहीतील पोटाचा विकार आपल्या घरांतूनही वस्तीला आहे. चर्चच्या आवारातील एखाद्या खोलीत 'अल्कोहोलिक्स अनॉनिमस'ची बैठक भरते, तेव्हा बाहेर उभे राहून आत कोण गेले हे मोजणाऱ्यांत आपण नसावे. आत जाणारा माणूस आपल्या दुखण्याला त्याचे खरे नाव देण्यासाठी चालला आहे.

पीटर नोलास्को यांचे शिष्य बंदिवानासाठी ओलीस राहत. मर्सेडिस मॅकेम्ब्रिज संत नव्हत्या, आणि तसा दावा त्यांनी कधी केला नाही. पण त्या सुनावणीच्या दिवशी अनेक निनावी बंदिवानांच्या बाजूने त्यांनी आपले नाव गहाण ठेवले. सैतानाच्या आवाजासाठी जग त्यांना ओळखते. मला मात्र मर्सेसच्या मातेपुढे मेणबत्ती लावताना त्यांचा दुसरा आवाज आठवतो, ज्या आवाजात त्यांनी सिनेटसमोर स्वतःविषयी खरे सांगितले. त्या वेळी आवाजही त्यांचा होता आणि चेहराही.